पावावर लोणी फिरवण्याच्या ब्रशची रीतसर निवड

कोणतीही वस्तू विकत घेण्यापूर्वी ती न घेण्याची सर्व कारणे नीट तपासून पाहणे, हे प्रगत समाजाचे पहिले लक्षण आहे. मागास समाजात माणसे दुकानात जातात, वस्तू उचलतात आणि घरी येतात. त्यांचे कामही होते, हे मी नाकारत नाही. पण त्याला निवड म्हणता येत नाही.

आमच्या बोईसरच्या सोसायटीत असा मागासपणा औषधालाही सापडायचा नाही, कारण इथले सारे पुरुष कुठल्या ना कुठल्या कारखान्यात नाहीतर प्रकल्पात आयुष्य घालवून आलेले आहेत. (‘ब’ इमारतीतले एक गृहस्थ शाळेत शिक्षक होते. त्यांना आम्ही सांभाळून घेतो.) आमच्याकडे दिवाळीचा कंदील टांगायचा तर आधी उंचीवरच्या कामाचा परवाना निघतो. लग्नाच्या जेवणात पहिल्या पंगतीला चाचणी पंगत म्हणतात. गेल्या वर्षी एका गॅलरीतली कुंडी ओसंडून पाणी खालच्या मजल्यावर गळले, तेव्हा सगळ्यांना खाली मोकळ्या जागेत जमवून माणसे मोजण्यात आली. दोन जास्त भरली. त्याची चौकशी अजून चालू आहे.

अशा शिस्तीच्या ठिकाणी नागोरावांच्या सुनेच्या पावात केस निघाला.

नागोराव मूळचे नांदेडकडचे. इथल्या एका रासायनिक कारखान्यात गुणवत्ता विभागात त्यांची हयात गेली. त्यांच्या सहीशिवाय एकही पिंप फाटकाबाहेर जात नसे, आणि सही ते सहजासहजी करत नसत. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे कोणी काही मंजुरीला आणत नाही, एवढे एकच दुःख त्यांच्या आयुष्यात आहे. पत्नी नर्मदावहिनी सुरुवातीला रोजची आमटी चव पाहायला त्यांच्यापुढे ठेवत. पण त्यांनी सलग चार दिवस ती अडवून धरल्यावर वहिनींनी ती पद्धत बंद केली.

सून वैभवी माहेरची जवळच्याच पाम गावची. नवरा अक्षय कारखान्यात पाळीवर, म्हणजे घरी असला तर झोपलेला. वैभवी स्वतः एका कारखान्यात कंत्राटी पॅकिंगला आहे. आठ तास उभे राहून तिच्या टाचा दुखतात, आणि घरी आल्यावर ती ओव्हनमध्ये पाव भाजते. पाव असे होतात की जिन्यात वास आला की माणसे उगाचच काहीतरी मागायला तिच्या दारात जातात. (मी पक्कड मागायला गेलो होतो. माझ्याकडे तीन आहेत.)

शिरगावला सुरूच्या बनाजवळ मेहुल नावाच्या गृहस्थाचे पाहुण्यांना उतरायचे घर आहे. त्याला दर शनिवार-रविवारी पाव हवे होते. वैभवीने नमुना पाठवला. पाव त्याला आवडला, पण दुसऱ्याच घासाला लोणी लावायच्या ब्रशचा केस त्याच्या दातांत अडकला. माणूस सभ्य. म्हणाला, येत्या शनिवारी चारच्या चहाला पुन्हा आणा, वरून चमक हवी आणि केस नको. नाहीतर मग पालघरच्या बेकरीला सांगतो. ही ऑर्डर मिळाली तर वैभवी पॅकिंग सोडणार होती. घरात हे सगळ्यांना माहीत होते.

सोमवारी जेवताना ती साधेपणाने म्हणाली, की उद्या कामावरून येताना स्टेशनजवळून सिलिकॉनचा ब्रश आणते, त्याचे केस गळत नाहीत.

नागोरावांचा घास हातातच राहिला.

“असा कसा आणतेस?” ते म्हणाले. “तपासला कुणी?”

मंगळवारी संध्याकाळी त्यांच्या बैठकीच्या खोलीत ब्रश निवड समितीची स्थापना झाली. अध्यक्ष अर्थात नागोराव. सुरक्षेची बाजू पाहायला बळवंतराव, जे तीस वर्षे लोकांना हेल्मेट घाला म्हणून सांगत आले आणि अजूनही बाजारात अनोळखी माणसांना सांगतात. पदार्थविज्ञानासाठी दर्पणभाई, ज्यांचा बादल्यांच्या प्लास्टिकच्या कड्या बनवायचा छोटा कारखाना आहे. आणि सचिव म्हणून मी. मी भांडार विभागात होतो. मागितलेली वस्तू शिल्लक असताना ती न देणे ही एक कला आहे आणि मी तिच्यात नाव कमावले होते. आम्हा चौघांपैकी एकानेही जन्मात पाव भाजलेला नव्हता. त्यामुळे निर्णय निःपक्षपाती होईल याबद्दल कोणालाच शंका नव्हती. वैभवीला समितीत घेण्याची सूचना नर्मदावहिनींनी स्वयंपाकघरातून केली होती. पण तिचा ब्रशमध्ये हितसंबंध असल्याने ती मान्य करता आली नाही.

पहिल्या बैठकीत मूळ कारणाचा शोध घेण्यात आला. कारखान्यात यासाठी पाच वेळा ‘का’ विचारायची पद्धत आहे. पावात केस का आला? ब्रशमधून गळला. का गळला? ब्रश जुना होता. जुना का? बदलला नव्हता. का बदलला नव्हता? आधी कधी केस आला नव्हता. आधी का आला नव्हता? ब्रश नवा होता. इथे पाच का पूर्ण झाले. समितीला फार समाधान वाटले आणि चहा झाला.

त्यानंतर सोसायटीची पाहणी झाली. चौसष्टपैकी एकसष्ट घरांत स्वयंपाकाचा ब्रश नाही असे आढळले. दोन घरांतून आम्हाला दात घासायचा ब्रश आणून दाखवण्यात आला. एका घराने आमच्या तोंडावर दार लावले. (हे घर ‘अनिश्चित’ धरले.) यावरून समाजात ब्रशविषयी किती अज्ञान आहे हे उघड झाले, आणि समितीवरची जबाबदारी वाढली.

बुधवारपर्यंत सहा ब्रश जमले. एक बोईसर स्टेशनजवळचा नारिंगी, एक पालघरच्या बाजारातला निळा, दोन मोबाइलवरून मागवलेले, एक लाकडी दांड्याचा आणि एक दर्पणभाईंच्या मेव्हण्याने वापीहून पाठवलेला पारदर्शक. पारदर्शक ब्रश लोण्यात ठेवला की दिसेनासा होत असे. तो दोनदा हरवला आणि दोनदा सापडला, हे त्याच्या शिस्तीविषयी बरेच काही सांगून गेले.

कामावरून आल्यावर वैभवीने पिशवी ठेवता ठेवता सहाही ब्रश हातात घेऊन पाहिले. तिने नारिंगी उचलला. म्हणाली, याचे केस बारीक आणि मऊ हायत, फुगलेला पाव दबनार नाय. आणि सगळा ब्रश एकाच तुकड्याचा हाय, म्हणजे सांध्यात पाणी साचून बुरशी नाय धरनार. हे सांगायला तिला चहा गाळायला लागतो त्याहून कमी वेळ लागला. समितीने तिचे म्हणणे आदराने ऐकून घेतले आणि प्राथमिक मत म्हणून बाजूला ठेवले. प्रत्येक ब्रशला दोऱ्याने पिवळी चिठ्ठी बांधलेली होती, आणि पिवळ्या चिठ्ठीचा माल चाचणी होईपर्यंत कोणी वापरायचा नसतो.

गुरुवारी वासाची चाचणी ठरली. चांगल्या सिलिकॉनला वास नसतो, असे दर्पणभाईंचे म्हणणे. पण बळवंतरावांनी मुद्दा काढला, की तीस वर्षे औद्योगिक वसाहतीत काढलेल्या आमच्या नाकांना बोईसरमध्ये बसून कशालाच वास नाही असे वाटेल. मुद्दा बिनतोड होता. तेव्हा मोकळ्या हवेत जायचे ठरले आणि दर्पणभाईंच्या टेम्पोतून समिती सहा ब्रश घेऊन नवापूरच्या किनाऱ्यावर गेली. तिथे बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत होते. आम्ही वाऱ्याच्या दिशेने उभे राहून सहाही ब्रश पाळीपाळीने हुंगले. सहाही ब्रशांना बोंबलाचा वास आला. निष्कर्ष ‘एकसमान’ असा लागला.

बोंबील उलटत असलेली एक बाई आमच्याकडे बराच वेळ बघत होती. शेवटी तिने विचारले, “काय झायला यांना?” दर्पणभाईंनी तिला प्रकल्पाची माहिती दिली. ती ऐकून तिने पलीकडच्या बाईला हाक मारली, आणि मग दोघी आमच्याकडे बघत राहिल्या. लोकसहभाग म्हणतात तो हाच.

शुक्रवारी उरलेल्या चाचण्या उरकण्यात आल्या. पहिली उष्णतेची. उकळत्या तेलात निळ्या ब्रशचा दांडा वितळला. तेल फेकावे लागले, त्यामुळे त्या दिवशी भजी झाली नाहीत, आणि याचा समितीच्या कामकाजावर विपरीत परिणाम झाला. मग वजनाची. लाकडी दांड्याचा ब्रश केसांनी उलटा टांगून त्याला नर्मदावहिनींचा लोखंडी खलबत्ता बांधण्यात आला. पावावर लोणी फिरवताना ब्रशला खलबत्ता उचलावा लागत नाही, असे वहिनी म्हणाल्या. आज लागत नसेल, असे नागोराव म्हणाले. खलबत्ता बळवंतरावांच्या पायाजवळ पडला. त्यांनी सुरक्षा बूट घातले होते, हे त्यांनी त्यानंतर तासभर आम्हाला सांगितले.

पडण्याची चाचणी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून झाली. मोबाइलवरून मागवलेल्यांपैकी एक ब्रश खाली उभ्या असलेल्या भाजीवाल्याच्या टेम्पोत पडला. तो टेम्पो भाजी आणायला पालघरला निघून गेला. ब्रश रात्रीच्या जेवणाआधी कोथिंबिरीच्या जुडीत सुखरूप परत आला. त्याला वाहतूक चाचणीत उत्तीर्ण करण्यात आले, जी आम्ही घ्यायची ठरवलीच नव्हती. त्याचा जोडीदार मात्र पीळ चाचणीत नापास झाला. (पिळल्यावर पांढरा पडला तर आत भेसळ, असे दर्पणभाई म्हणतात. नागोरावांनी त्याला इतका पिळला की नागोरावच पांढरे पडले, पण नियम ब्रशला लागू होतो.)

अशा रीतीने शनिवारी दुपारी एकच ब्रश डाग न लागता उरला, तो नारिंगी. बाकीच्या पाचांना लाल चिठ्ठ्या बांधून नागोरावांनी ते लोखंडी कपाटात ठेवले आणि किल्ली जानव्याला अडकवली. वाहतुकीत उत्तीर्ण झालेलाही आत गेला, कारण त्याला मेथीचा वास येत होता, आणि तो कोथिंबिरीत असताना मेथीचा का यावा याचा खुलासा झाला नव्हता.

स्वयंपाकघरात वैभवी सकाळपासून उभी होती. तिने सुट्टी टाकली होती. पिठाचे गोळे ट्रेमध्ये फुगत चालले होते. ओव्हन तापत होता. चारला शिरगावला पोचायचे म्हणजे आता रंग चढावा म्हणून गोळ्यांवर ब्रशने दूध फिरवून ट्रे आत जायलाच हवे होते. ती ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली.

“झाला का ब्रश?” तिने विचारले.

एकच राहिले आहे, असे नागोरावांनी सांगितले. ज्योतीची चाचणी. खरे सिलिकॉन जाळले तर मागे पांढरी राख उरते, प्लास्टिक असेल तर काळे होऊन थेंब गळतात. इतके दिवस सगळे नियमाने झाले, तर शेवटची पायरी गाळणे योग्य नव्हते. बळवंतरावांनी आगीच्या कामाचा परवाना भरला, वाळूची बादली ठेवली आणि सगळ्यांना तीन पावले मागे घेतले. दर्पणभाईंनी सांडशीत ब्रश धरला. काडी लागली. ब्रश हळूहळू, मोठ्या शांतपणे जळला. एकही थेंब गळला नाही. स्टीलच्या वाटीत स्वच्छ पांढरी राख उरली.

“शुद्ध,” दर्पणभाई म्हणाले. आणि सांडशी खाली ठेवून त्यांनी वाटीला नमस्कार केला.

नागोरावांनी वाटीला हिरवी चिठ्ठी लावली, तिच्यावर ‘मंजूर’ लिहिले आणि निवृत्तीनंतरची पहिली सही केली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मला त्यांच्या चेहऱ्याकडे बघून खरोखर आनंद झाला. मग त्यांनी वाटी सुनेपुढे धरली.

वैभवीने वाटीत पाहिले. मग ती कपाटाकडे पाहून म्हणाली, की त्यातला कुठलाही द्या.

इथे नागोरावांची कसोटी होती, आणि ते त्या कसोटीला पुरेपूर उतरले. नामंजूर माल उत्पादनाला देता येत नाही, असे त्यांनी शांतपणे सांगितले. मी भांडाराच्या बाजूने दुजोरा दिला. स्टेशनजवळून तसलाच दुसरा नारिंगी आणावा, असे बळवंतराव म्हणाले. पण तो वेगळ्या खेपेतला निघाला तर ही मंजुरी त्याला लागू होणार नाही आणि चाचण्या पहिल्यापासून कराव्या लागतील, हे मी लक्षात आणून दिले. या अडचणीवर चर्चा सुरू झाली.

“बाबा,” वैभवी म्हणाली, “पाव फुगून बसलेत. ते काय समितीची वाट बघनार नाय.”

ती आत गेली. आम्ही दारातून पाहिले. तिने दुधात चार बोटे बुडवली आणि ट्रेवरून फिरवली, पावाला कळू नये इतक्या हलक्या हाताने. ट्रे ओव्हनमध्ये गेला. पाव भाजून निघाल्यावर तिने लोण्याची वडी कागदात धरली आणि गरम पावांवरून थेट घासली. लोणी वितळत गेले आणि पाव चकाकले. हा सगळा प्रकार अत्यंत अनियमित होता. दर्पणभाईंनी चार वेळा आवंढा गिळला.

समिती टेम्पोतून मागोमाग शिरगावला गेली. मेहुलने पाव फोडला, खाल्ला, मग बराच वेळ जीभ दातांवरून फिरवत राहिला. वैभवीने दोन्ही हातांनी ओढणीचे टोक घट्ट धरले होते. मेहुलने दुसरा पाव घेतला. तिसऱ्याला तो बोलला, की पुढच्या शनिवारपासून नक्की, आणि ब्रश कुठला घेतलात ते मला सांगा, आमच्या स्वयंपाक्यालाही तोच देतो.

“समितीनं निवडलेला आहे,” नागोराव म्हणाले.

वैभवीने रिकामा डबा पिशवीत घातला. सोमवारी तिने पॅकिंगचे काम सोडले. त्या संध्याकाळी ती पहिल्यांदाच खुर्चीवर बसून, पाय स्टुलावर ठेवून चहा पिताना दिसली. मला फार बरे वाटले. खरे तर गोष्ट इथेच संपायला हवी होती.

पण नागोरावांना दोन रात्री झोप नव्हती. त्यांच्या सुनेचा माल त्यांच्या घरातून बाहेर जात होता, आणि ज्या साधनाने तो तयार होत होता त्या साधनाला मंजुरी नव्हती. बुधवारी तातडीची बैठक झाली. साधन म्हणजे सूनबाईंचा उजवा हात, बोटे चार, अंगठा सुटा. जमेच्या बाजू ठळक होत्या. एकाच तुकड्याचा, सांध्यात बुरशी नाही, केस गळण्याचा प्रश्न नाही, पिळल्यास पांढरा पडतो पण लगेच पूर्ववत होतो. मात्र नियमाप्रमाणे उकळते तेल, खलबत्ता, तिसरा मजला आणि ज्योत या चाचण्या बाकी होत्या. त्या कोणत्या क्रमाने घ्याव्यात यावर मतभेद होते. ज्योत शेवटी ठेवावी, एवढ्यावर एकमत झाले, कारण मागच्या वेळचा अनुभव ताजा होता.

सूनबाईंना पाचारण करून ठराव वाचून दाखवण्यात आला. त्यांनी सहकार्य नाकारले. आवाज चढवला नाही, एवढेच.

“बाबा, घर तुमचंच हाय. बसा, जेवा, काय पायजे ते मागा,” ती म्हणाली. “पन आजपासून समिती हितं बसायची नाय. जा बगू सगळे.”

नर्मदावहिनींनी कपबशा उचलल्या. नागोरावही आमच्याबरोबर उठून दाराबाहेर आले, मग हे आपले घर आहे हे त्यांच्या लक्षात आले, पण तोवर कडी लागली होती. जिन्यात उभे राहून आम्ही पुढचा विचार केला. बळवंतरावांकडे त्यांची सून ऐकत नाही. दर्पणभाईंकडे पाहुणे आहेत. माझ्याकडे आमच्या हिने हा विषय काढायचाही नाही असे बजावले आहे. थोडक्यात, अनुभवी, निःपक्षपाती आणि मोकळा वेळ असलेल्या या समितीला सध्या स्वयंपाकघर नाही.

ज्या माणसाला पावावर लोणी फिरवायचे असते तो ते फिरवून मोकळा होतो. जो माणूस एका ब्रशविषयी एवढे सगळे शेवटपर्यंत वाचतो, त्याचा ब्रश अजून घ्यायचा असतो, असा समितीचा तर्क आहे. बहुधा तुमच्या मोबाइलवर चार-पाच ब्रश बाजूला काढून ठेवलेले असतील आणि घरात कोणीतरी कधीपासून त्याची वाट पाहत असेल. तेव्हा संकोच करू नका. येत्या रविवारी संध्याकाळी आम्ही चौघे तुमच्याकडे येत आहोत. खलबत्ता काढून ठेवा, आणि तुम्ही कितव्या मजल्यावर राहता ते तेवढे कळवा.